हिरडा, कडुनिंब, ज्येष्ठमध, किराईत आणि हर्पिस: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

विषय एकदाचा फायनल झाला. चार औषधी वनस्पतींचे अर्क ओठावर फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स टाइप १ व्हायरसवर, म्हणजे एचएसव्ही-१ वर, चालतात का ते बघायचं. हिरड्याचं फळ, कडुनिंबाची साल, ज्येष्ठमधाचं मूळ आणि पाले किराईत. चारही आधी कोणी ना कोणी तपासलेल्या आहेत, ज्येष्ठमधातल्या ग्लायसिऱ्हायझिनवर तर १९७९ सालीच पेपर आलाय की ते हर्पिसच्या कणांना कायमचं निकामी करतं. म्हणजे "पहिल्यांदाच" वगैरे म्हणायची काही सोय नाही, आणि ते बरंच आहे.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की हर्पिसवर असायक्लोव्हिर हे औषध आहे ना, मग हा खटाटोप कशाला. प्रश्न चुकीचा नाहीये. असायक्लोव्हिर खरंच चांगलं औषध आहे. पण एक तर ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळलेली असते, म्हणजे ट्रान्सप्लांट झालेले वगैरे पेशंट, त्यांच्यात रेझिस्टंट व्हायरस साधारण ३ ते १० टक्क्यांपर्यंत सापडतो (बाकी लोकांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास), आणि दुसरं म्हणजे असायक्लोव्हिर व्हायरस पेशीत घुसून डीएनए बनवायला लागला की मग त्याला अडवतं. दारातच अडवणारं काही हाताशी असेल तर ते वेगळ्या जागी काम करणार, त्यामुळे जोडीला उपयोगी पडू शकतं. आणि हा व्हायरस काही थोडक्या लोकांत नाहीये, डब्ल्यूएचओच्या २०२० च्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या ६४ टक्के लोकांत एचएसव्ही-१ आहे, म्हणजे ३८० कोटींच्या घरात. बहुतेकांना पत्ताही नसतो.

म्हणून मी प्रश्न जरा बदलून घेतलाय. "चालतो का" पेक्षा "नेमका कुठे चालतो" हे बघायचं. नुसतं चालतो का विचारलं तर प्लेटवर अर्ध्या झाडपाल्याचं उत्तर हो असंच येतं.

९ जानेवारी

माल आला. पावडर मागवलीच नाही, अख्खं फळ, अख्खी साल, अख्खं मूळ आणि किराइताचं पानाफुलांसकट वाळलेलं झाड. पावडरीत काय मिसळलंय ते डोळ्यांनी कळत नाही आणि किराइताच्या बाबतीत तर दोन वेगळी झाडं एकमेकांच्या जागी खपवली जातात, एक अँड्रोग्राफिस आणि दुसरं स्वेर्शिया, दोन्ही कडूजहर. आपल्याला अँड्रोग्राफिस हवंय. वनस्पतीशास्त्रवाल्यांकडून ओळख पटवून घेतली आणि प्रत्येकाचा नमुना हर्बेरियममध्ये नंबर टाकून ठेवला. हे काम कंटाळवाणं आहे पण उद्या रिझल्ट आला आणि कोणी विचारलं की नक्की कोणतं झाड, तर दाखवायला काहीतरी पाहिजे.

१५ जानेवारी

अर्क काढणं चालू आहे. सावलीत वाळवलेला माल दळून दोन प्रकारे काढतेय, एक साध्या पाण्यात आणि एक ७० टक्के इथेनॉलमध्ये. हेक्झेनपासून पाण्यापर्यंत पाच सॉल्व्हंटची उतरंड लावायचा मोह होता, पण चार झाडं गुणिले पाच म्हणजे वीस अर्क आणि मग प्रत्येकाची टॉक्सिसिटी, कोण करणार. दोनच ठीक. इथेनॉल रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० डिग्रीला उडवलं, पाण्याचा भाग लायोफिलायझरमध्ये टाकून कोरडा केला. स्टॉक डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये, आणि पेशींवर जाताना डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, कंट्रोलमध्येही तेवढाच टाकायचा.

जाता जाता दोन साध्या टेस्ट केल्या. फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले तर हिरड्याचा अर्क क्षणात निळाकाळा शाईसारखा झाला, म्हणजे टॅनिन भरपूर. ज्येष्ठमधाची नळी हलवली तर वर फेस आला आणि तो बसेचना, म्हणजे सॅपोनिन. दोन्ही अपेक्षितच होतं पण वहीत ठळक लिहून ठेवतेय, कारण पुढे हीच दोन गडी गोंधळ घालणार आहेत. सॅपोनिन पेशीचं आवरण फोडू शकतं. हर्पिसलाही बाहेरून चरबीचं आवरण असतं. म्हणजे व्हायरसही मरेल आणि पेशीही, आणि मग त्याला औषध कसं म्हणायचं.

२२ जानेवारी

व्हेरो सेल्स उघडल्या. आफ्रिकन ग्रीन मंकीच्या मूत्रपिंडाच्या पेशी, १९६२ पासून चालत आलेल्या, जपानमधल्या चिबा युनिव्हर्सिटीत पहिल्यांदा तयार झाल्या आणि आज जवळपास प्रत्येक व्हायरसवाल्याच्या फ्रीजरमध्ये आहेत. यांची एक गोष्ट कायम डोक्यात ठेवावी लागते, या पेशी टाइप १ इंटरफेरॉन, म्हणजे व्हायरसविरुद्ध धोक्याची सूचना देणारं प्रोटीन, बनवतच नाहीत. त्यामुळे व्हायरस यांच्यात मस्त वाढतो, प्लाक, म्हणजे व्हायरसने पेशींच्या थरात पाडलेली भोकं, सुंदर येतात, सगळं सोपं. पण त्याचवेळी एखादा अर्क जर शरीराची स्वतःची इंटरफेरॉन यंत्रणा जागी करून काम करत असेल तर तो आपल्याला इथे दिसणारच नाही. म्हणजे इथे "काही नाही" आलं तर ते फक्त या पेशींपुरतं "काही नाही". प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून ज्या वनस्पतींचं नाव आहे त्यांना या टेस्टमध्ये न्याय मिळत नाही आणि जी थेट व्हायरसला चिकटतात त्यांना जरा जास्तच मिळतो.

मायकोप्लाझ्मा (पेशींत छुपे वाढणारे जीवाणू) टेस्ट निगेटिव्ह. पुढे.

३० जानेवारी

टॉक्सिसिटी. हे आधी का, तर मेलेल्या पेशीत व्हायरस वाढत नाही. अर्काने पेशीच मारल्या तर व्हायरसही गायब दिसतो आणि माणूस खूश होतो.

सगळे एमटीटी करतात म्हणून मीही लावली, पण पेशी नसलेल्या वेल्समध्येही अर्क टाकून एक रांग ठेवली होती. बरं झालं ठेवली. एमटीटी हा पिवळा रंग आहे, जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्मॅझान करतात, आणि हिरड्याच्या रांगेत एकही पेशी नसताना जांभळं झालं. म्हणजे अर्कातले पॉलिफेनॉल स्वतःच एमटीटीला रिड्यूस करतायत, पेशींचा संबंधच नाही. असा आकडा तसाच घेतला असता तर जास्त डोसला पेशी "शंभर टक्क्यांहून जास्त जिवंत" दिसल्या असत्या, आणि असे ग्राफ छापून आलेले मी पाहिलेत. बऱ्याच ठिकाणी त्याला "पेशींची वाढ होते" असंही म्हणून टाकतात.

उपाय सोपा आहे, एमटीटी टाकायच्या आधी अर्क काढून दोनदा धुवायचं. शिवाय जोडीला न्यूट्रल रेड (जिवंत पेशी मोजायची दुसरी रंगाची टेस्ट) लावली आणि मायक्रोस्कोपखाली स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. दोन्हींचे आकडे आता जुळतायत. सीसी५०, म्हणजे ज्या डोसला निम्म्या पेशी जातात तो, मिलीला मायक्रोग्रॅममध्ये, इथेनॉलच्या अर्कांसाठी: हिरडा २५० च्या आसपास, किराईत ११० च्या आसपास, ज्येष्ठमध ३०० च्या थोडं वर, कडुनिंब साल ४०० पर्यंत दिलं तरी निम्म्या मेल्या नाहीत. कडुनिंबाच्या सालीचा पाण्याचा अर्क त्याहून सौम्य.

६ फेब्रुवारी

व्हायरस स्टॉक बनवला. कमी एमओआयने, म्हणजे शंभर पेशींमागे एक व्हायरस इतका, लावला की निकामी कण कमी तयार होतात. तिसऱ्या दिवशी सगळ्या पेशी गोल होऊन सुटायला लागल्या, काही एकमेकींत मिसळून मोठाले गोळे झाले, तेव्हा गोळा करून तीनदा गोठवून वितळवून गाळ खाली बसवला आणि छोट्या नळ्यांत उणे ८० ला. एक नळी एकदाच वापरायची, परत गोठवायची नाही.

मोजायला प्लाक ॲसे, म्हणजे भोकं मोजायची टेस्ट. प्राण्यांच्या व्हायरससाठी ही पद्धत डुल्बेकोने १९५२ मध्ये आणली आणि इतक्या वर्षांनी अजून तिच्यापेक्षा विश्वासाचं काही नाही. पेशींच्या चादरीवर पातळ केलेला व्हायरस टाकायचा, तासाभराने वर मिथाइलसेल्युलोजचा घट्ट थर, म्हणजे व्हायरस लांब पोहत जात नाही, शेजारच्याच पेशीला लागतो आणि तिथे भोक पडतं. मग फॉर्मॅलिन, क्रिस्टल व्हायोलेट आणि मोजणी. दहाच्या उणे पाचव्या घाताच्या डायल्युशनचे ०.२ मिली टाकले होते, सरासरी ५२ प्लाक आले, म्हणजे मिलीला २.६ कोटी प्लाक फॉर्मिंग युनिट. चांगला स्टॉक आहे.

हे सगळं बायोसेफ्टी लेव्हल २ मध्ये, हूडमध्ये, ग्लोव्हज घालून, आणि डोळ्यांना हात लावायचा नाही. हर्पिस डोळ्यात गेला तर कॉर्नियाची वाट लावतो.

१३ फेब्रुवारी

असायक्लोव्हिरचा कर्व्ह. छान एस आकाराचा आला, आयसी५०, म्हणजे ज्या डोसला प्लाक निम्मे होतात तो, मिलीला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास. औषधाच्या माहितीपत्रकात एचएसव्ही-१ साठी ०.०२ ते १३.५ मायक्रोग्रॅम अशी अवाढव्य रेंज दिलेली असते, कारण पेशी कोणत्या, व्हायरस किती टाकला, पद्धत कोणती, यावर आकडा शेकडो पटीने हलतो. त्यामुळे आपल्या अर्काचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी भिडवण्यात अर्थ नाही, आपल्याच प्लेटवरच्या असायक्लोव्हिरशी भिडवायचा.

या औषधाचं डिझाइन बघून अजूनही मजा वाटते. ते स्वतः निष्क्रिय असतं, त्याला पहिला फॉस्फेट चढवायचं काम व्हायरसचंच थायमिडीन कायनेज हे एन्झाइम करतं, त्यामुळे ते चालू होतं ते फक्त लागण झालेल्या पेशीत, आणि मग व्हायरसच्या डीएनएच्या साखळीत शिरून ती तिथेच थांबवतं. बाकीच्या पेशींना फारसा त्रास नाही. गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या टीमचं काम, एलियनना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. निवडकपणा म्हणतात तो हा. अर्कांचा सिलेक्टिव्हिटी इंडेक्स काढताना समोर हा नमुना ठेवला की डोकं ठिकाणावर राहतं.

२१ फेब्रुवारी

पहिलं स्क्रीनिंग. अर्क आणि व्हायरस एकत्र टाकले, वरच्या थरातही अर्क ठेवला, म्हणजे सगळ्या टप्प्यांवर संधी.

कंट्रोल वेल्समध्ये साठेक प्लाक. हिरड्याच्या वेल्स मिलीला ५० मायक्रोग्रॅमला एकदम स्वच्छ, एक भोक नाही, जांभळी चादर जशीच्या तशी. खाली उतरत गेले तर आयसी५० १० च्या आसपास. सीसी५० भागिले आयसी५० म्हणजे सिलेक्टिव्हिटी इंडेक्स २५. अर्काची आयसी५० १०० च्या खाली आणि इंडेक्स १० च्या वर असेल तर साधारणपणे पुढे न्यायच्या लायकीचं समजतात, तेव्हा कागदावर हिरडा फर्स्ट क्लासमध्ये पास. लॅबमध्ये सगळे प्लेट बघून गेले, फोटो काढून झाले.

किराईत ६० ला निम्मं, पण त्याची टॉक्सिसिटीच ११० ला आहे, म्हणजे इंडेक्स दोनच्याही आत. शुद्ध अँड्रोग्राफोलाइडबद्दल चांगले रिपोर्ट आहेत हे माहितीये, पण आपल्या कच्च्या अर्कात फरक करता येत नाही की व्हायरस अडतोय का पेशी आजारी आहेत. बाजूला. ज्येष्ठमध २०० ला थोडंसं, तिथे फेसवाला संशय आहेच, बाजूला. कडुनिंब सालीचा पाण्याचा अर्क १०० ला निम्म्याच्या आसपास, फोटो काढण्यासारखं काहीच नाही.

२२ फेब्रुवारी

मॅडमनी प्लेट बघितली आणि एकच विचारलं, "अगं, पण हा व्हायरसला थांबवतोय, का जे समोर येईल त्याला चिकटतोय?" मला रात्रीपासून तेच वाटत होतं. फेरिक क्लोराइडची ती शाई.

२ मार्च

टप्पे वेगळे करून बघितले. हे या प्रोजेक्टचं खरं काम, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिलं, व्हायरसवर थेट परिणाम. व्हायरस आणि अर्क तासभर नळीत एकत्र ठेवायचे आणि मग पेशींवर टाकण्याआधी शंभर पट पातळ करायचं, इतकं की उरलेल्या अर्काचा स्वतःचा काहीच परिणाम होऊ नये. ही पातळ करायची पायरी गाळली तर टेस्ट व्हायरसनाशक आहे का अटॅचमेंटची हेच कळत नाही.

दुसरं, पेशींना आधी अर्क, मग धुऊन व्हायरस.

तिसरं, अटॅचमेंट. सगळं ४ डिग्रीला. या थंडीत व्हायरस पेशीला चिकटतो पण आत शिरू शकत नाही, कारण शिरायला आवरणं एकमेकांत वितळावी लागतात. हर्पिसचे जीबी आणि जीसी हे प्रोटीन आधी पेशीवरच्या हेपरान सल्फेटला धरतात, मग जीडी नेक्टिन-१ किंवा एचव्हीईएम या खऱ्या रिसेप्टरला पकडतो, मग जीएच-जीएल आणि जीबी मिळून दार उघडतात. पहिल्या पकडीसाठी कंट्रोल म्हणून हेपरिन टाकलं, ते हेपरान सल्फेटची नक्कल करून व्हायरसला भुलवतं.

चौथं, पेनिट्रेशन. ४ डिग्रीला चिकटवून घ्यायचं, मग अर्क टाकून ३७ ला न्यायचं, आणि थोड्या वेळाने पीएच ३ च्या सिट्रेट बफरने मिनिटभर धुवायचं, म्हणजे जे बाहेरच राहिले ते मरतात आणि जे आत गेले ते वाचतात.

पाचवं, व्हायरस पूर्ण आत गेल्यावर अर्क.

हिरडा: पहिल्यात पूर्ण सफाया. तिसऱ्यातही. चौथ्यात बऱ्यापैकी. दुसऱ्यात किरकोळ. पाचव्यात प्लाकची संख्या कंट्रोलइतकीच, म्हणजे आत गेलेल्या व्हायरसला हा काही करत नाही, मात्र प्लाक आकाराने लहान आले, टाचणीच्या टोकाएवढे. ते समजण्यासारखं आहे, वरच्या थरात अर्क आहे म्हटल्यावर शेजारच्या पेशीकडे जाणारा व्हायरस अडतो. असायक्लोव्हिर बरोबर उलटं, पहिल्या चारांत शून्य आणि पाचव्यात जोरदार.

कडुनिंब साल: पहिल्यात जवळपास काही नाही! तिसऱ्यात निम्म्याहून जास्त कमी. म्हणजे व्हायरसला बिघडवत नाही, फक्त चिकटू देत नाही, आणि पातळ केलं की सोडून देतो. हेपरिनचं वागणंही असंच दिसलं. ही गोष्ट मला हिरड्याच्या स्वच्छ वेल्सपेक्षा जास्त आवडली पण अजून बोलत नाही.

११ मार्च

टॅनिनचा निकाल लावायचा होता. हिरडा चघळला की तोंड तुरट होतं, आत सगळं आवळल्यासारखं कोरडं पडतं, ते काय असतं तर टॅनिन लाळेतल्या प्रोटीनना धरून त्यांचा साका करतं. चामडं कमवायलाही हिरडा वापरतात ते याच गुणासाठी. आता जो पदार्थ लाळेतल्या प्रोटीनला, चामड्यातल्या कोलॅजेनला सारखाच धरतो, तो हर्पिसच्या बाहेरच्या ग्लायकोप्रोटीनना धरणार नाही तरच नवल. हिरड्यातलं चेब्युलॅजिक ॲसिड आणि प्युनिकॅलॅजिन एचएसव्ही-१ ची अटॅचमेंट आणि शिरकाव अडवतात हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे, आणि हे दोन्ही टॅनिनच आहेत. त्यामुळे आपला रिझल्ट खोटा नाही. प्रश्न तो कितपत टिकतो हा आहे.

दोन टेस्ट. एक, अर्क पीव्हीपीपी या टॅनिन धरून ठेवणाऱ्या पावडरीवरून फिरवून टॅनिन काढून टाकलं. फेरिक क्लोराइडला मग नुसता फिकट हिरवट रंग, आणि प्लाकवरचा परिणाम जवळपास गेला, १०० ला सुद्धा नाव घेण्यासारखं काही नाही. म्हणजे जे होतं ते टॅनिनच होतं, दुसरं काही लपलेलं नव्हतं.

दुसरी टेस्ट जास्त बोलकी. मीडियममध्ये सीरम २ टक्के असतं, ते १० टक्के केलं. सीरम म्हणजे प्रोटीनच प्रोटीन. हिरड्याची आयसी५० १० वरून ७० च्या जवळ गेली. बीएसए, म्हणजे गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन, टाकलं तरी तोच प्रकार. टॅनिनला धरायला दुसरं भरपूर मिळालं की व्हायरसकडे बघायला वेळ नाही. सीरममध्ये टॉक्सिसिटीही कमी होते, म्हणून इंडेक्स काढताना सीसी५० सुद्धा १० टक्क्यांवरच परत काढावी लागते, जुन्या सीसी५० ला नवी आयसी५० लावली तर आकडा विनाकारण वाईट येतो. परत काढली. तरीही इंडेक्स १० च्या खालीच आला.

लॅबमधल्या एकाचं म्हणणं, मग हिरडा बाद. मला तसं वाटत नाही. प्रोटीनला चिकटणं हा काही गुन्हा नाही, तेही एक काम करायचं तंत्रच आहे, लेमन बामच्या अर्कांतही असंच दिसतं की मोकळ्या व्हायरसवर जोरदार आणि आत गेलेल्यावर काही नाही. फक्त हे तंत्र रक्तात चालणार नाही, कारण तिथे प्रोटीनचा समुद्र आहे. त्वचेवर लावायच्या गोष्टीत कदाचित, पण ओठावर फुटलेल्या फोडातून जे पाणी येतं त्यातही प्रोटीन असतं आणि लाळ तर शेजारीच. म्हणून रिपोर्टमध्ये हिरड्याचा २ टक्के सीरमचा आकडा एकटा लिहायचा नाही असं मी ठरवलंय, दोन्ही शेजारी शेजारी, लोकांना काय समजायचं ते समजू दे.

१८ मार्च

तेच दोन प्रयोग कडुनिंबावर. पीव्हीपीपीनंतर परिणाम थोडा उतरला पण बराचसा उरला. सीरम वाढवल्यावर आयसी५० १०० ची १३० झाली, म्हणजे हलली म्हणायलाही संकोच वाटतो. सालीचा पाण्याचा अर्क एचएसव्ही-१ चा शिरकाव अडवतो असा रिपोर्ट २०१० चा आहेच, तेव्हा दिशा बरोबर असावी. अर्कात चौपट इथेनॉल ओतलं तर पांढरट चोथा खाली बसला, असं बसणारं बहुतेक वेळा पॉलिसॅकराइड असतं. ऋणभार असलेली पॉलिसॅकराइड हेपरिनसारखी वागू शकतात. चोथा धुऊन, वाळवून, परत विरघळवून ठेवलाय.

२६ मार्च

पाण्याच्या अर्कांच्या प्लेट्समध्ये बुरशी. चिकट अर्क ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जाताना फिल्टर तुंबतो, मग दाब वाढतो आणि पडदा फाटतो, वरून कळतही नाही. आता आधी जोरात सेंट्रिफ्यूज, मग ०.४५, मग ०.२२. आठवडा गेला.

३ एप्रिल

रेझिस्टंट स्ट्रेन मिळाला, थायमिडीन कायनेज नसलेला. असायक्लोव्हिर कितीही वाढवलं तरी प्लाक तसेच, फॉस्कारनेट या दुसऱ्या औषधाला मात्र लगेच नमला, कारण त्याला तो पहिला फॉस्फेट लागतच नाही, ते सरळ व्हायरसचा डीएनए बनवणाऱ्या पॉलिमरेजला अडवतं. म्हणजे स्ट्रेन सांगितल्याप्रमाणेच आहे. हिरडा आणि कडुनिंब दोन्ही नेहमीच्या स्ट्रेनइतकेच चालले.

ॲबस्ट्रॅक्टमध्ये हे वाक्य फार भारी दिसेल, "असायक्लोव्हिर रेझिस्टंट व्हायरसवर प्रभावी". पण यात आश्चर्य काहीच नाही, दारात अडवणाऱ्याला आत कायनेज आहे की नाही याच्याशी काय देणंघेणं. हेपरिनही तसंच चाललं असतं. वाक्य लिहायचंच तर हेही लिहावं लागेल.

कॉम्बिनेशनची प्लेटही लावली, असायक्लोव्हिर आडवं, कडुनिंबाचा चोथा उभा, चेकरबोर्ड. चाऊ-तलालय पद्धतीने इंडेक्स १ च्या थोडासा खाली (१ म्हणजे दोघांची नुसती बेरीज, बराच खाली म्हणजे सिनर्जी, एकमेकांना जोर देणं). याला मी बेरीज म्हणेन, सिनर्जी म्हणायला धजत नाही. निदान एकमेकांच्या आड येत नाहीत.

१२ एप्रिल

ओळखीतल्या एका काकूंनी विचारलं, ओठावर दर थोड्या महिन्यांनी फोड येतात, तुझ्या त्या हिरड्याचं चूर्ण लावू का. प्रोजेक्टची बातमी पसरलेली दिसते.

त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहिते. ओठावरचा फोड साधारण आठ-दहा दिवसांत आपोआपच बरा होतो. त्यामुळे त्या दिवसांत काहीही लावलं तरी ते "लागू पडतं", खडू लावला तरी. म्हणूनच खरं कळायला दोन गट, एकाला औषध आणि एकाला तसंच दिसणारं बिनऔषधी मलम, असं करावं लागतं आणि माझ्याकडे आहे ती माकडाच्या पेशींची प्लॅस्टिकची प्लेट. शिवाय फोड दिसतो तोपर्यंत व्हायरसचं बरंचसं वाढून झालेलं असतं. तो मुळात बसलेला असतो चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या गाठीत, तिथे तो पेशीच्या केंद्रकात नुसता डीएनए म्हणून पडून असतो, तिथे बाहेरून चिकटणारं काहीही पोचत नाही, आणि खरं सांगायचं तर असायक्लोव्हिरही तिथून त्याला काढू शकत नाही. मग म्हणाल्या ज्येष्ठमध तरी खाऊ का. म्हटलं काकू, जास्त ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरतं आणि ब्लडप्रेशर चढतं, तुम्हाला आधीच गोळी चालू आहे, नको. आणि डोळ्याजवळ फोड आला, किंवा घरात नवजात बाळ असेल, तर चूर्णाचा विचारही न करता डॉक्टर. त्यांना फारसं पटलं नाही बहुतेक.

वनस्पतीचा अर्क मलम म्हणून सगळ्या चाळण्यांतून पार झालाच नाही असं मात्र नाही. ग्रीन टीच्या पानांच्या अर्काच्या मलमाला २००६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली, हर्पिससाठी नव्हे, एचपीव्हीमुळे येणाऱ्या जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी. त्यासाठी अर्काची प्रत्येक बॅच सारखी आहे हे दाखवावं लागलं, माणसांवर ट्रायल कराव्या लागल्या. आपला हिरडा पुढच्या वर्षी दुसऱ्या झाडाचा आणला तर आयसी५० १० च येईल का, हेसुद्धा अजून तपासायचंय.

२० एप्रिल

कडुनिंबाच्या चोथ्याचे आयन एक्स्चेंज कॉलमवर भाग पाडले, मिठाचं प्रमाण वाढवत नेलं. जे लगेच उतरलं त्यात काही नाही. जे सगळ्यात शेवटी, जास्त मिठाला उतरलं, म्हणजे ज्यावर ऋणभार जास्त, त्यात ४ डिग्रीच्या टेस्टमध्ये प्लाक सगळ्यात कमी, आणि आयसी५० ४० च्या खाली आली. फिनॉल-सल्फ्युरिकने साखर भरपूर दाखवली, फोलिनने फिनॉल जवळपास नाहीच, म्हणजे टॅनिनचा वशिला इथे नाही. १० टक्के सीरममध्ये अजून लावायचं आहे, त्याशिवाय मॅडमना दाखवणार नाही.

हिरड्याचा एचपीटीएलसी फिंगरप्रिंट (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणारा पट्टा) झाला, दोन वेगळ्या ठिकाणच्या फळांचाही मागवलाय. सोमवारी व्हेरो वाढवायला टाकायच्या, बुधवारी शेवटच्या भागाची सीरमवाली प्लेट, सोबत हेपरिन आणि पेशी नसलेली रांग.